गावंडे बाईंचं मानांकन

आमच्या कार्यालयात ‘निरंक’ लिहायची सोय गावंडे बाईंनी बंद केली, आणि त्या दिवसापासून त्या कोणाला आवडेनाशा झाल्या.

निरंक म्हणजे काय ते आधी सांगतो. तालुक्याच्या गावागावातून दर आठवड्याला आरोग्याचा कागद येतो. हगवण किती, ताप किती, कुत्रा किती जणांना चावला. काही नसलं की त्या खान्यात निरंक लिहायचं. सरकारात याच्याएवढा गोड शब्द नाही. निरंक लिहिलं की वरचा विचारत नाही, खालचा सांगत नाही आणि मधला वेळेवर घरी जातो. मी तालुका आरोग्य कार्यालयात एकतीस वर्षं शिपाई होतो. शाळा चौथीपर्यंत, पण निरंक मला झोपेत लिहिता यायचं. तालुक्याचं नाव घालत नाही. अकोला जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. माणसं अजून त्याच खुर्च्यांवर बसलेली आहेत.

बाई आमच्याकडे आरोग्य पर्यवेक्षक म्हणून आल्या, पातूरकडून बदलून. पर्यवेक्षक म्हणजे साहेबाच्या खाली आणि बाकी साऱ्यांच्या वर. दोन्हीकडून शिव्या खाण्याची जागा. पहिल्याच सोमवारी त्यांनी कागदांचा गठ्ठा समोर घेतला आणि एका आरोग्यसेवकाला बोलावलं.

“हे निरंक म्हंजे काय? झालं नाई, का तुमी पाह्यलं नाई?”

“झालं नाई मॅडम.”

“पाह्यलं होतं?”

तो छताकडे पाहायला लागला. आमच्या छताला पाहण्यासारखं काही नाही.

“मंग असं करा,” बाई म्हणाल्या, “पाहिलं, आढळलं नाही, असं लिवा. दोन शब्द जास्त लागतीन. पेन नसन तं माहा घ्या.”

बाईंचं बोलणं असंच होतं. आवाज चढत नसे. बुटक्या, अंगानं भरलेल्या, केस पांढरे आणि घट्ट बांधलेले. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. राहायला अकोल्यात; रोज सकाळच्या एसटीनं यायच्या, संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. ऑफिसचा चहा घेत नसत, नुसतं गरम पाणी मागायच्या. मी पहिल्या दिवशी म्हटलं, “बाई, पाणी पिऊन काय काम होते?” तर म्हणाल्या, “चहा पिऊन तरी कुठं होऊन राह्यलं, नामदेवभाऊ?”

उन्हाळ्यात त्यांच्या पर्समध्ये एक कांदा असायचा. लू लागू नये म्हणून. साहेबांना ते एकदा दिसलं. साहेब तरुण, शहरातून शिकून आलेले डॉक्टर. ते हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही उष्माघाताचं प्रशिक्षण देता आणि पर्समध्ये कांदा? हे कोणत्या शास्त्रात आहे?”

“माह्या मायच्या,” बाई म्हणाल्या आणि पर्सची चेन लावली.

खारपाणपट्ट्यातल्या एका गावाची गोष्ट सांगतो, म्हणजे बाई कशा होत्या ते कळेल. त्या गावाचा कागद कित्येक आठवडे निरंक. आता ‘पाहिलं, आढळलं नाही’ असा सुधारून येत होता, पण माल तोच. बाई मला म्हणाल्या, “नामदेवभाऊ, चला.” एसटीतून उतरून अर्धा कोस पायी गेलो. मला वाटलं उपकेंद्रात जातील. बाई गेल्या थेट किराणा दुकानात.

“काय भाऊ, गोळ्या कोनत्या चालू आहेत सध्या?”

दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आहे. “हगवणीच्या पायजे होत्या का? त्या संपल्या बाई. परवाच डबा आणला होता, अर्ध्या गावानं नेला.”

बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात तपासणीच्या शिशीतले दोन थेंब टाकले. पाण्यात ब्लिचिंगचं औषध असलं की ते पिवळं होतं. ते पांढरंच्या पांढरं राहिलं. ब्लिचिंग पावडरची थैली ग्रामपंचायतीत होती, अगदी नवीन, शिवण न उसवलेली. तिच्यावर बसून एक गृहस्थ पत्ते पिसत होते. बाई त्यांना म्हणाल्या, “उठता का जरा? तुमी गावाच्या औषधावर बसून राह्यले.” ते असे उठले की पत्ते खाली पडले.

त्या गावची आरोग्यसेविका पोरगीच होती. बाईंना पाहून रडायला लागली. “मॅडम, तीन गावं आहेत माह्याकडे. मी एकटी कुठं कुठं पुरू?” मला वाटलं आता हिची नोकरी जाते. बाईंनी तिच्यासोबत घरं फिरून एकेका आजाऱ्याचं नाव लिहिलं, आणि अहवालात खाली लिहिलं: एक सेविका, तीन गावं, हे काम होत नाही. साहेबांना ते वाक्य पटलं नाही. “असं वर कळवतात का?” म्हणाले. बाई म्हणाल्या, “खाली तं साऱ्याइले माहीतच आहे साहेब. वरच कळवा लागते.”

ते पद भरलं गेलं नाही. हेही सांगून ठेवतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई जिंकत होत्या. बाई फार कमी वेळा जिंकल्या.

मग अमरावतीहून ते पत्र आलं.

पत्रात असं होतं की सरकारी आरोग्य कार्यालयांना मानांकन मिळणार. बाहेरची माणसं येऊन पाहतील, काम कसं चालतं, नोंदी खऱ्या आहेत का, लोकांना विचारून ठरवता का. पास झालं की पाटी आणि प्रमाणपत्र. आणि खाली ठळक अक्षरात, ही योजना ऐच्छिक आहे, इच्छुक कार्यालयांनी अर्ज करावा.

ऐच्छिक हा शब्द वाचल्याबरोबर सरोदे बाबूंनी, आमच्या मोठ्या क्लार्कांनी, ते पत्र जुन्या फायलीत लावून टाकलं. जे करायलाच लागतं ते होत नाही, तर ऐच्छिक कोण करतो? बाईंनी ते शोधून काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“मॅडम, ऐच्छिक आहे ना?” साहेब म्हणाले. “मग आपली इच्छा नाही.”

“माही आहे,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी सही केली. सही केली नाही तर बाई उभ्याच राहतात, हे त्यांना माहीत होतं.

अमरावतीला त्याची एक बैठक झाली. वह्यांची खोकी उचलायला बाईंनी मला नेलं. मोठा हॉल, वरती थंड हवेचं मशीन, अर्ध्या खुर्च्यांवरची माणसं पेंगत होती. समोरच्या साहेबांनी तासभर पडद्यावर काय काय दाखवलं. शेवटी म्हणाले, कोणाला काही विचारायचं आहे का? बाईंनी हात वर केला.

“नापास झालो तं काय होते?”

“काही नाही. ऐच्छिक आहे.”

“आन पास झालो तं? रिकामी पदं भरली जातीन का?”

हॉल हसला. समोरचे साहेबही हसले. म्हणाले, “ते वेगळ्या विभागाकडे आहे, मॅडम.” बाई खाली बसल्या. परत येताना एसटीत मी त्यांना म्हटलं, “बाई, मिळत काईच नाई, तं हे करता काहून?”

म्हणाल्या, “नामदेवभाऊ, तीस वर्षं झाली नोकरीले. वरच्यानं येऊन धमकावलं, पुढाऱ्यानं येऊन धमकावलं. पन तुमचं काम नीट आहे का, हे बसून, समजून कोनं पाह्यलंच नाई. जाच्या आधी एकदा कोनी पाहावं.”

त्यांची दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत हवं होतं ते एवढंच.

त्या दोन वर्षांचं काय सांगू? कंटाळा आला आम्हाला. ब्लिचिंगची वही, कुत्र्याच्या इंजेक्शनची वही, तक्रारींची वही. तक्रारीची पेटी आधीपासून होती, पण तिची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. कुलूप तोडलं तर आत एक लग्नपत्रिका आणि पालीची अंडी निघाली. सरोदे बाबू बाईंना पाठीमागे ‘मानांकन मावशी’ म्हणायचे. एकदा तोंडावर निघून गेलं. बाई म्हणाल्या, “बाबू, मावशी म्हटलं तं मंग ऐका लागते.” आणि त्यांच्यापुढे चार वह्या ठेवल्या. मधल्या काळात उन्हाळे दोन गेले. पंखा लावला की कागद उडत, म्हणून बाई पंखा बंद करून बसायच्या. संध्याकाळी एसटीकडे चालत जाताना त्यांचे पाय सुजलेले दिसायचे. पण हळूहळू कागद खरा होत गेला, हे मला कबूल करावं लागतं. तपासणीची तारीख आली. महिन्याच्या शेवटचा बुधवार.

आता माझ्यावर येतो. टाळून चालणार नाही.

लशींचं फ्रीज माझ्याकडे होतं. लस दोन आणि आठ डिग्रीच्या मधात राहायला पाहिजे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पारा पाहायचा आणि वहीत लिहायचा. सुटी असली तरी. माझं घर ऑफिसच्या मागच्या गल्लीतच, म्हणून किल्ली माझ्याजवळ. पण रविवारचा पारा शनिवारीच लिहायची रीत माझ्या आधीपासून होती. पारा काही उडून जात नाही. सकाळ चार, संध्याकाळ चार. माझं अक्षर चांगलं आहे. वही पाहून कोणालाही समाधान वाटेल.

त्या शनिवारी मी विचार केला, बुधवारी पाहुणे येतील आणि पान अर्धवट दिसेल. महिना संपायला थोडेच दिवस. अर्धं कोरं पान दाखवणं म्हणजे पाहुण्यापुढे अर्धं वाढलेलं ताट ठेवणं. म्हणून पुढच्या शनिवारपर्यंतचे, महिनाअखेरचे, सगळे आकडे एका बैठकीत भरून टाकले. सकाळ चार, संध्याकाळ चार. खाली आठवड्याची सही बाईंची लागते. त्यांच्यापुढे तेव्हा चाळीसेक कागद होते. मी वही उघडून धरली, बोट ठेवलं, त्यांनी सही केली. माझ्या वहीत त्या कधी खोल पाहत नसत. इतरांच्या वह्या भिंग लावल्यासारख्या पाहत. माझी नाही.

रविवारी वादळ आलं. झाडं पडली, खांब वाकले, साऱ्या तालुक्याची लाईन सकाळी गेली ती अंधार पडल्यावर आली. सोमवारी बाई एसटीतून उतरल्या, त्या काही विसरून राहिल्यासारख्या सरळ लशीच्या खोलीत गेल्या.

“काल लाईन नव्हती. पारा किती होता?”

“बरोबर होता,” मी म्हटलं.

त्यांनी वही घेतली. रविवार, सकाळ चार, संध्याकाळ चार. मग बोट खाली सरकलं. सोमवार संध्याकाळ. मंगळवार. बुधवार. आणि तळाला त्यांची सही.

मी खूप रागावलेली माणसं पाहिली आहेत. बाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. आधी फ्रीज उघडायला लावलं, पारा पाहिला, एकेक शिशी हातात घेऊन तिच्यावरची खूण पाहिली. उष्णता लागली की त्या खुणेचा रंग बदलतो. एकीचाही बदलला नव्हता. अकोल्याच्या यंत्रवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, झाकण उघडलं नसेल तर एवढा वेळ थंड राहते.

“पाहा,” मी म्हटलं, “माल चांगला आहे.”

“माल चांगला आहे. वही खोटी आहे.”

“एवढं कशाले मोठं करता बाई? पारा चारच राह्यला असता.”

“राह्यला असता. पन मले माहीत नाई, तुमालेही माहीत नाई. उद्या तो खराब झाला असता, तरी वहीत चारच असतं.”

तेवढ्यात सरोदे बाबू आले. ते या कामातले कारागीर. म्हणाले, “मॅडम, घाबरू नका. नवी वही घेतो. तीन पेनं, दोन शाया, पानाले थोडा चहाचा हात. नामदेव बसन आन दुपारपर्यंत महिना तयार. बुधवारी कोणाच्या बापाले कळनार नाई.”

साहेबही आले. त्यांनी तर हातच जोडले. “मॅडम, दोन वर्षं केलंत तुम्ही. एका पानासाठी सगळं घालवू नका. तुमच्या रिटायरमेंटआधी ही एकच तपासणी आहे.”

“साहेब, त्या पानावर माही सही आहे.”

“म्हणूनच म्हणतो ना.”

“मीही म्हनूनच म्हनते.”

त्यांनी लाल पेन घेतलं आणि त्या पानावर आडवं लिहिलं: या आठवड्याच्या नोंदी प्रत्यक्ष न पाहता केलेल्या आहेत, मीही न पाहता सही केली आहे. खाली पुन्हा सही. माझ्या सुंदर अक्षरावरून ती लाल रेघ गेली तेव्हा मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

“मले चोर ठरवता का बाई?” मी म्हटलं. “इतक्या वर्षांत कोनी बोट दाखवलं नाई.”

“तुमाले नाई, नामदेवभाऊ. मले.”

मी किल्ली टेबलावर ठेवून निघून गेलो. मंगळवारी रजा टाकली. बुधवारी आलो, कारण न येणं म्हणजे घाबरलो असं झालं असतं.

तपासणीला दोघं आले. एक म्हातारे गृहस्थ आणि एक चष्म्याच्या बाई. दिवसभर त्यांनी सगळं पाहिलं. तक्रारीची वही वाचून म्हातारे हसले, मान डोलावली. गावांचे कागद पाहून चष्म्याच्या बाई म्हणाल्या, “असे अहवाल आम्ही कुठे पाहिले नाहीत.” गावंडे बाईंचा चेहरा मी पाहिला. पहिल्या नंबरानं आलेल्या पोरीचा असतो तसा. आणि मग, त्यांनी मागायच्या आधीच, बाईंनी लशीची वही पुढे केली. पान उघडून.

मी पाण्याचा ट्रे घेऊन उभा होतो. चष्म्याच्या बाईंनी विचारलं, “नोंद कोणी केली?”

“जबाबदारी पर्यवेक्षकाची आहे,” गावंडे बाई म्हणाल्या.

“अक्षर माहं आहे,” मी म्हटलं.

गावंडे बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. “पानी ठेवा नामदेवभाऊ, आन जा,” म्हणाल्या.

महिन्यानं उत्तर आलं. बाकी सगळं उत्तम, परंतु लस साठवणुकीच्या नोंदी विश्वासार्ह नसल्यामुळे मानांकन देता येत नाही. सहा महिन्यांनंतर पुन्हा अर्ज करता येईल. ऐच्छिक. बाईंचे चार महिने उरले होते.

माझं मत विचाराल तर मी ते बदललेलं नाही. वही बदलली असती तर पाटी लागली असती, आणि पाटीखाली बाई ताठ मानेनं घरी गेल्या असत्या. कोणाचंही नुकसान झालं नसतं. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. पण त्या महिन्यापासून रविवारी दोन वेळा मी ऑफिसात जायला लागलो. पारा पाहून लिहायचो. तो कधी चार असतो, कधी पाच, एकदा सात होता. मी रिटायर होईपर्यंत गेलो. कोणी सांगितलं म्हणून नव्हे.

बाईंच्या निरोपाला शाल झाली, श्रीफळ झालं, साहेबांचं भाषण झालं. ज्यांना त्या नको होत्या तेच जास्त बोलले. बाई दोनच वाक्यं बोलल्या. “पुढचा अर्ज भरून माह्या टेबलाच्या डाव्या खनात ठेवला आहे. साहेबाची सही आन तारीख, एवढंच बाकी आहे.” टाळ्या झाल्या. समोसे वाटायला मी उठलो.

त्यानंतर वर्षभरानं त्या मला अमरावतीला दिसल्या, एसटी स्टँडवर. माझी नोकरी अजून काही महिने होती. मी डोळे दाखवायला गेलो होतो. त्या बाकावर बसलेल्या, पुढ्यात पिशवी, पायातली चप्पल काढून ठेवलेली. वाळून गेल्या होत्या.

“बाई, इथी कुठं?”

“हापिसात गेली होती,” म्हणाल्या. “आपल्या तालुक्याचा अर्ज आला का विचाराले. तो पोट्टा म्हणे, आजी, तुमी रिटायर झाल्या, आता कशाले त्रास घेता? अर्ज आला नाई म्हणे. मंग वाटलं, कुठं अडकला असन.” मग म्हणाल्या, “तुमाले काही ठाऊक आहे का, नामदेवभाऊ?”

मला ठाऊक होतं. त्या टेबलावर आता सरोदे बाबू बसत होते. डाव्या खणात त्यांचा डबा आणि पानाचं सामान, आणि खाली तो अर्ज, अंथरलेला. ‘गेला असन बाई’ म्हटलं असतं तर त्या अकोल्यापर्यंत बऱ्या गेल्या असत्या. तोंडात आलंही होतं.

“गेलाच नाई बाई,” मी म्हटलं. “खनातच आहे.”

त्यांनी मान हलवली. “बरं,” म्हणाल्या. चप्पल पायात घातली. गाडी लागली तेव्हा मी पिशवी चढवून दिली आणि पाण्याची बाटली आणायला गेलो. चालता चालता मनात जुळवत होतो. त्या वहीचं, त्या शनिवारचं. जे दोन वाक्यांत म्हणता येतं ते मला कधी म्हणता आलं नव्हतं. आज म्हणायचं असं ठरवलं.

बाटली घेऊन खिडकीशी आलो तर बाई झोपल्या होत्या. गाडी सुरूही झाली नव्हती. डोकं खिडकीच्या लोखंडी गजाला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, दोन्ही हात पिशवीवर. इतकं थकलेलं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. हाक मारली असती तर जाग आली असती. मी बाटली गजातून आत सारली आणि त्यांच्या मांडीशी ठेवली.

कंडक्टरनं दाराशी घंटी मारली. “बाबा, येता का अकोल्याले?”

“नाई,” मी म्हटलं. गाडी हलली. डोकं गजावर एकदा आपटलं, तरी त्यांचे डोळे उघडले नाहीत.